नव्वदीतलं सगळ्यात भारी मराठी संगीत मालिकांच्या शीर्षकगीतांत आहे, पटतंय का?

टेपवेडा
लोकहो, गेला आठवडाभर जुनी शीर्षकगीतं ऐकतोय आणि माझं मत पक्कं होत चाललंय की नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे सगळ्यात सुंदर सुगम संगीत झालं ते ना कॅसेटवर झालं ना सिनेमात, ते मालिका सुरू व्हायच्या आधीच्या त्या मिनिटभरात झालं. दूरदर्शनवर गोट्या लागायची तेव्हा मी दुसरीत, 'बीज अंकुरे अंकुरे' सुरू झालं की वाड्यातली सगळी पोरं खेळ टाकून ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरात. मग १९९९ ला अल्फा मराठी आलं, आभाळमाया सुरू झाली, तोवर मी अकरावीत, आणि क्लास सुटला की सायकल दामटत घरी यायचो ते मालिकेसाठी नाही, देवकी पंडितांचा आवाज चुकू नये म्हणून!
दोन्ही चाली अशोक पत्कींच्या. आता बघा, पत्कींनी ढिगाने जिंगल्स केल्यात, तिथे काही सेकंदात ऐकणाऱ्याला धरून ठेवावं लागतं, रमतगमत चाल खुलवायला वेळच नसतो, आणि मला वाटतं तोच हात शीर्षकगीताला कामी आला. आभाळमायाच्या गाण्यातले मंगेश कुलकर्णींचे शब्द पण बघा, तीन-चार शब्दांचे तुकडे, प्रत्येक तुकडा स्वतःत पुरा, आणि मालिकेचं नाव येतं ते एकदम शेवटी, आपसूक. सिनेमातल्या सहा मिनिटांच्या गाण्यात पण एवढं सापडत नाही मला. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा
शीर्षकगीतांबद्दल जे लिहिलंय ते सगळं मान्य, पण 'सिनेमात झालं नाही' हे अजिबात मान्य नाही. संगीतकार आनंद मोडकांना विसरलात का? १९९१ चा चौकट राजा घ्या, 'एक झोका', सुधीर मोघ्यांचे शब्द आणि आशाबाई. झोपाळा जसा वर जातो आणि क्षणभर थांबून खाली येतो तशीच ती चाल जाते हो, मी मुलीला झोक्यावर बसवून म्हणून दाखवलंय, खरंच जुळतं. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांचा एक होता विदूषक, ना. धों. महानोरांची गाणी, तमाशाचा अख्खा बाज मोडकांनी उभा केला. त्यात लक्ष्मीकांत बेर्डेंनी जो आबूराव केलाय तो बघून मी थिएटरमधून बाहेर आलो तेव्हा बोलवेना. लोक हसायला आले होते, त्यांना ते काम झेपलं नाही, सिनेमा चालला नाही, आणि आजही लक्ष्या म्हटलं की झपाटलेला आठवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि १९९४ चा मुक्ता! परत जब्बार पटेल, परत महानोर-मोडक. नोकरी सांभाळून मोडक नाटकांना आणि सिनेमांना संगीत देत होते, सतीश आळेकरांच्या महानिर्वाणपासून. त्या काळात मराठी सिनेमा कमी निघाले असतील, पण संगीत आटलं होतं असं म्हणू नका प्लीज.

जाईजुई
मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून वेगळं सांगते. आमच्यासाठी शीर्षकगीत म्हणजे घड्याळ होतं. १९९७ ला दामिनी सुरू झाली, मराठीतली पहिली रोजची मालिका, दुपारी लागायची, सगळं आवरून बसायचं म्हणजे बसायचं, सासूबाई पण माझ्या शेजारी. तोवर मालिका म्हणजे आठवड्यातून एकदा, आणि इथे रोज एक बाई पत्रकार म्हणून घराबाहेर पडतेय, कुणाला न घाबरता बोलतेय, आणि ती प्रतीक्षा लोणकर इतकी खरी वाटायची की सासूबाई तिला नावाने ओळखीच्या मुलीसारखं हाक मारायच्या. आभाळमायातली सुधा तशीच, सुकन्या कुलकर्णीने केलेली, शिकलेली, कमावती, आणि नवऱ्यामुळे एवढं सोसून पण ताठ उभी. मुली मोठ्या होत होत्या माझ्या तेव्हा, त्यांनी हे बघितलं याचं मला बरं वाटतं. तेव्हा टेपवेडा, गाणं गोडच आहे रे, पण पुढची मालिका तशी नसती तर गाणं एवढं राहिलं असतं का मनात?

सोमवारपेठ
मी जरा आगाऊपणा करतो, रागावू नका. मराठी घरात वाढलो तरी माझी नव्वदी हिंदी आहे. १९९५ ला रंगीला आला, रहमानचं संगीत, 'तन्हा तन्हा' आशाबाईंनी साठी ओलांडल्यावर गायलंय आणि पडद्यावर आपली ऊर्मिला! त्याच वर्षी अलिशाचं 'मेड इन इंडिया' गाणं, त्यात लाकडी खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण, आणि झी वर हम पाँच मध्ये अशोक सराफ. पुढच्या वर्षी लकी अलीचं 'ओ सनम', कलोनियल कझिन्स या जोडीचा अल्बम. म्हणजे हिंदीत सिनेमाच्या बाहेर गाण्याला स्वतःचा चेहरा मिळाला, मराठीत तसं माझ्या कानाला एकच पटलं, मिलिंद इंगळे-सौमित्रचा गारवा हा अल्बम. तेव्हा मला विचाराल तर पहिला पाऊस पडला की आजही गारवाच, शीर्षकगीत नाही.

टेपवेडा
रानवारा, मुक्ताची गाणी मी लहानपणी रेडिओवर ऐकली असणार, पण सिनेमा पूर्ण बघितलाच नव्हता, काल रात्री गाणी सलग ऐकली आणि तुमचं सिनेमाबद्दलचं म्हणणं मी मान्य करतो. 'सिनेमात पण नाही' हे वाक्य मागे घेतो. जाईजुई ताई, तुमच्या प्रश्नाला मात्र माझं उत्तर हो असंच आहे. आभाळमायातले प्रसंग मला आता धड आठवत नाहीत, सुधाचा चेहरा आठवतो फक्त, आणि गाणं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पाठ आहे, मधल्या म्युझिकसकट. सोमवारपेठ, गारवाबद्दल वेगळा धागा काढा ना, तिथे भांडू.