१९६९ च्या कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावरील अंक मूळचे आहेत का?

प्रश्न : मी विकत घेऊ पाहत असलेल्या या गाडीत उजव्या सिलिंडर हेडच्या पुढील सपाट पट्टीवरचे ठोकलेले अंक मला संशयास्पद वाटतात, कारण पट्टी आरशासारखी गुळगुळीत आहे. हे कसे पारखावे?

उत्तर १ : पट्टी थिनरने मऊ कापडाने पुसावी, पॉलिश पेपर कृपया लावू नये, त्याने पुरावाच नष्ट होतो. टॉर्च तिरपी धरून भिंगातून पाहिल्यास कारखान्यातील ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने धातू सपाट करण्याच्या) बारीक, समांतर रेघा इंजिनाच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या दिसायला हव्यात.

उत्तर २ : रेघा नाहीत म्हणून लगेच फसवणूक ठरवू नये; ओव्हरहॉलमध्ये ब्लॉकचा (इंजिनाच्या ओतीव मुख्य सांगाड्याचा) माथा घासतानाही त्या जातात. ब्लॉकवरची ओतीव तारीख मात्र अवश्य पाहावी. ती ‘सी १४ ९’, म्हणजे १४ मार्च १९६९, आणि ठोकलेल्या कोडात ‘०३०५’, म्हणजे ५ मार्च, असेल, तर ब्लॉक ओतण्याआधीच इंजिन जुळवले गेले असा अर्थ होतो, आणि ते अशक्य आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. रेघा लांबीच्या दिशेने नव्हे, तर आडव्या निघाल्या. व्यवहार थांबवला आहे.