निवृत्त पाळकांचा दिनक्रम: जुनी मंडळी, प्रवचनांचे खोके आणि रविवार सकाळ

मोगरा
सासरे पुढच्या महिन्यात चर्चच्या पाळकपदावरून निवृत्त होताहेत. लग्न, दफन असलं की जुन्या मंडळीतले (त्यांच्या चर्चच्या सभासदांपैकी) लोक थेट त्यांनाच फोन करणार. नाही कसं म्हणायचं? हाताने लिहिलेल्या प्रवचनांचे आठ-नऊ खोके आहेत, त्यांचं काय करावं? अधूनमधून पाहुणे म्हणून उपदेश करायची इच्छा आहे, पण गुडघे आणि नजर पूर्वीसारखी नाही. आणि एकूणच दिवस कसा लावावा?

वेदीजवळ
आधी फोनचं बघा, कडवटपणा तिथूनच सुरू होतो. पाळकाची दीक्षा आयुष्यभराची असते, पण मंडळीवरचा अधिकार पदाबरोबर सोडायचा असतो. त्यासाठी एक वाक्य आत्ताच ठरवून ठेवा: "आधी सध्याच्या पाळकांशी बोला. त्यांनी बोलावलं तर मी येईन." "मी त्यांना विचारून सांगतो" असं मात्र कधीच म्हणू नये. ज्येष्ठाने स्वतः विचारलं की नव्या पाळकांना नाही म्हणायची सोयच उरत नाही. विचारायचं त्या कुटुंबाने आणि बोलवायचं सध्याच्या पाळकांनी. गेल्यावरही विधी त्यांनाच चालवू द्यावा, सासऱ्यांनी एखादा शास्त्रपाठ किंवा प्रार्थना घ्यावी. सासूबाईंसकट घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ हवं. "विचारून सांगते" म्हटलं की समोरचे होकार समजून तारीख धरतात.

लग्नाच्या बाबतीत फार जपा. कॅथलिक कायद्यात (कॅनन म्हणजे कलम ११०८ आणि ११११) स्थानिक बिशप किंवा पॅरिशच्या (स्थानिक चर्चक्षेत्राच्या) धर्मगुरूंनी अधिकार दिल्याशिवाय दुसऱ्या धर्मगुरूने लावलेलं लग्न सर्वसाधारणपणे वैधच ठरत नाही. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये निवृत्तांना सार्वजनिक विधी चालवायला बिशपची 'परमिशन टु ऑफिशिएट' लागते. सासऱ्यांचा विवाह-परवाना पदाला जोडलेला आहे की व्यक्तीला, हे पद सोडण्याआधी लेखी विचारून घ्या.

आणि निदान वर्षभर उपासनेला दुसऱ्या चर्चमध्ये जावं. जुन्याच चर्चमध्ये बसले तर उपासनेनंतर दाराशी दोन घोळके होतात, एक नव्या पाळकांभोवती आणि एक यांच्याभोवती. नव्या माणसाला ते दिसतं.

दप्तर
खोके उघडल्यावर वाचत बसू नका, काम तिथेच अडतं. पहिल्या फेरीत फक्त तीन ढीग. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं, सभांची इतिवृत्तं, पावतीपुस्तकं, शिक्का, किल्ल्या हे सगळं मंडळीचं. यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन परत द्यायचं. दुसरा ढीग लोकांच्या खासगी गोष्टींचा, तिसरा प्रवचनांचा.

प्रवचनं तारखेने लावू नका. शोधताना साल आठवत नाही, शास्त्रपाठ आठवतो. बायबलमधल्या पुस्तकांच्या क्रमाने लावा. प्रॉटेस्टंट बायबलात स्तोत्रसंहिता १९वं, लूक ४२वं, रोमकरांस पत्र ४५वं. फाइलला '४५-००८-०२८-१९९२' असं नाव द्या: पुस्तक, अध्याय, वचन, साल. अध्याय आणि वचन दोन्हींना तीन-तीन आकडे हवेत, कारण स्तोत्रं १५० आहेत आणि ११९व्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत. पुढची शून्यं गाळली तर काही संगणकांवर १०वा अध्याय २ऱ्याच्या आधी जाऊन बसतो.

स्कॅन करण्याआधी स्टेपलच्या पिना काढा. गंजलेली पिन ओढली तर कागदाचा तुकडा घेऊनच निघते. पान उलटं करून आधी पिनचे पाय उचला, मग पुढून हलकेच काढा. कागद पातळ असेल आणि पाठीमागची शाई उमटत असेल तर पानामागे काळा पुठ्ठा ठेवा, मागची अक्षरं बरीच दबतात. ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरे, पण ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडी छटांत. निव्वळ काळं-पांढरं केलं तर समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी उडतात आणि पुष्कळदा प्रवचनाचा जीव त्या नोंदींतच असतो.

मोगरा
दुसऱ्या ढिगात लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींच्या वह्या आहेत. त्या नव्या पाळकांना द्यायच्या का?

दप्तर
नाही. ते बोलणं सासऱ्यांपाशी झालं, पदापाशी नाही. कोणाला पुढे मदत हवी असेल तर त्या व्यक्तीची परवानगी घेऊन तेवढंच तोंडी सांगावं. बाकीचं सासऱ्यांनी स्वतः पाहून बारीक फाडून टाकावं, घरच्यांनीही चाळू नये. अपवाद एकच: मुलांवरील अत्याचाराची तक्रार किंवा चालू चौकशीचा कागद असेल तर तो नष्ट करायचा नाही, वरिष्ठांकडे पोच घेऊन द्यायचा.

सायंप्रार्थना
उपदेशाबद्दल. नजर अधू वाटते त्यात बरेचदा चष्म्याच्या अंतराचाच दोष असतो. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी बनवतात आणि व्यासपीठावरचा कागद ५५-६० सेंटिमीटरवर असतो. ते अंतर मोजून डॉक्टरांना सांगा. अक्षर १८ पॉइंट, पानाच्या एकाच बाजूला, स्टेपल न करता, पानांवर क्रमांक घालून. पानाचा खालचा चौथा भाग कोरा सोडा, म्हणजे मान खाली जात नाही आणि आवाज छातीत अडकत नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर गुडघे टेकून झटकन उठू नये, चक्कर येते. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचा) प्याला अर्ध्याहून कमी भरावा, हात थरथरला तरी सांडत नाही. उभं राहवत नसेल तर बसून विधी करण्यात कमीपणा नाही. कॅथलिक कायद्यात (कॅनन ९३०) वृद्ध धर्मगुरूंना बसून मिस्सा (कॅथलिकांचा प्रभुभोजनाचा विधी) करायची मुभा आहे, लोकांसमोर करायची असेल तर बिशपची परवानगी लागते.

दिवस लावायला स्तोत्रसंहितेसारखा आधार नाही. १६६२च्या 'बुक ऑफ कॉमन प्रेयर'मध्ये (चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात) १५० स्तोत्रं ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ विभागली आहेत. मोठ्याने वाचावीत, उपदेश थांबला की आवाज लवकर बारीक होतो. रविवारी सासूबाईंच्या शेजारी बसावं. इतकी वर्षं त्या बाकावर एकट्याच बसल्या आहेत. महिलामंडळ, येणं-जाणं असं त्यांचंही काम सुटतंय, तेव्हा वेळापत्रक दोघांनी मिळून करावं. आणि आजारपणात घरी प्रभुभोजन घेऊन कोण येणार, हे नव्या चर्चच्या पाळकांशी आत्ताच बोलून ठेवा.