मदत हवी आहे: स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ‘प्लिओमॉर्फिक’ (मोठ्या, वेडीवाकड्या केंद्रकांचा प्रकार) म्हणण्याची सीमारेषा कुठे आखावी?

नमस्कार. मी पॅथॉलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. स्तनाच्या एका कोअर बायोप्सीबाबत (जाड सुईने काढलेल्या ऊतीच्या तुकड्यांबाबत) जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

तीनपैकी दोन तुकड्यांत चित्र अगदी क्लासिक, म्हणजे लोब्युलर कर्करोगाचे (ज्यात पेशी एकमेकींना चिकटून राहत नाहीत) नेहमीचे, आहे. लहान, एकसारख्या पेशी एकामागोमाग एक रांगेने चरबीत शिरल्या आहेत आणि एका शाबूत नलिकेभोवती त्यांनी, पाण्यात खडा पडल्यावर उमटतात तशी, वलये धरली आहेत. काही पेशींत छोटी पोकळी असून तिच्या मधोमध गुलाबी ठिपका दिसतो. अडचण तिसऱ्या तुकड्याची आहे. तिथे पेशींचे दाट थर आहेत, केंद्रके मोठी व वेडीवाकडी आहेत, केंद्रिका ठळक आहेत आणि पेशीद्रव्य भरपूर, गुलाबी आहे.

ई-कॅड्हेरिनच्या (पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाच्या) स्टेनमध्ये निरोगी नलिकेच्या पेशींना रेखीव तपकिरी कडा आली आहे, पण गाठीच्या पेशी तिन्ही तुकड्यांत कोऱ्या आहेत. त्याच्याशी जोडलेले पी-१२० कॅटेनिन हे प्रथिनही पेशीच्या कडेऐवजी पेशीद्रव्यात पसरले आहे. त्यामुळे लोब्युलर असण्याबद्दल मला शंका नाही. एका वरिष्ठांनी हिस्टिओसायटॉइड (हिस्टिओसाइट या भक्षक पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा) प्रकार सुचवला. परंतु त्यात केंद्रके सहसा सौम्य असतात आणि येथे ती तशी नाहीत, म्हणून मला ते पटत नाही.

माझा खरा गोंधळ असा, की पेशींच्या दाट थरांचा सॉलिड, किंवा २० वा अधिक पेशींचे गोल पुंजके असलेला अल्व्हिओलर, ही नावे रचनेवरून पडली आहेत, तर प्लिओमॉर्फिक हे नाव केंद्रकावरून पडले आहे. मग एकाच भागाला दोन्ही नावे द्यावीत का? केंद्रक लिम्फोसाइटच्या (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) चौपटीहून मोठे असावे, हा निकष मी वापरते. पण तिसऱ्या तुकड्यातले लिम्फोसाइट चिरडले गेल्याने मोजायला पट्टीच उरलेली नाही, आणि शेजारच्या तुकड्यातील लिम्फोसाइटशी तुलना केल्यास बरीचशी केंद्रके तिप्पट ते चौपट भरतात, थोडीच त्यापलीकडे जातात.

इस्ट्रोजेन रिसेप्टर ठळक पॉझिटिव्ह आहे, हर-टू हे प्रथिन १+, म्हणजे निगेटिव्ह, आहे. प्लिओमॉर्फिक प्रकार अधिक आक्रमक मानला जात असल्याने हा शब्द उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत आणि रुग्णापर्यंत उगाच पोहोचू नये, पण खरोखरच तो असल्यास माझ्या भिडेपायी गाळलाही जाऊ नये. अशा वेळी आपण कोअरच्या अहवालात उपप्रकार ठामपणे लिहिता, की ‘प्लिओमॉर्फिक लक्षणे असलेला भाग’ एवढेच नोंदवून अंतिम नाव शस्त्रक्रियेनंतरच्या नमुन्यावर सोपवता? आणि लिम्फोसाइट वापरण्याजोगे नसतील, तेव्हा तुलनेसाठी काय धरता?