अल्बिनोच्या जोडीला साधी पिल्लं
कात्रजच्या मित्रांच्या अल्बिनो (काळं रंगद्रव्य नसलेल्या) बोआ सापांच्या जोडीला सगळी साध्या रंगाची पिल्लं झाली, म्हणून विकणाऱ्याला लगेच लबाड ठरवू नका. बोआत काह्ल आणि शार्प अशा अल्बिनोच्या दोन लाइन, म्हणजे वंश आहेत. दोन्ही रिसेसिव्ह, म्हणजे आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच दिसणाऱ्या, पण जनुकं निराळी. त्यामुळे जोडीत एक काह्ल आणि एक शार्प असेल, तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही जनुकांची एकेक धड प्रत मिळते आणि काळं रंगद्रव्य नेहमीसारखं बनतं. हीच पिल्लं आपसात लावली तर सरासरी १६ पैकी ७ अल्बिनो. नुसतं बघून लाइन सांगणारे बरेच भेटतील, सोडून द्या! मादीची जोडी खात्रीच्या काह्ल नराशी लावा. सगळी अल्बिनो निघाली तर ती काह्ल. मात्र ती आधी दुसऱ्या नरासोबत होती का, ते विचारा. वीर्य साठून राहू शकतं. आणि हो, पिल्लांची माहिती केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर भरायची राहू देऊ नका.