मदत हवी आहे: बेसबॉलमधल्या मारामारीचे नियम कोणी समजावेल का?

मंडळी, बेसबॉल बघणारं कोणी आहे का इथे? मी टोरांटो ब्लू जेजचा चाहता, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. १५ मे २०१६ ची टेक्सास रेंजर्सविरुद्धची मॅच परत बघितली. आठव्या इनिंगमध्ये रेंजर्सचा पिचर (बॉल टाकणारा) मॅट बुश याचा बॉल आमच्या होजे बौतिस्ताच्या अंगावर आदळला. मग बौतिस्ता दुसऱ्या बेसवर रेंजर्सच्या ओडोरच्या पायांवर घसरत गेला आणि ओडोरने थेट जबड्यावर ठोसा ठेवून दिला. (ठोसा जबरदस्त होता, नाइलाजाने मान्य!) मूळ राग ऑक्टोबर २०१५ च्या प्लेऑफचा (साखळीनंतरची बाद फेरी): रेंजर्सविरुद्धच तीन रनांचा होमर (होम रन) मारून बौतिस्ताने ऐटीत बॅट भिरकावली होती. ही मेमधली मॅच म्हणजे २०१६ च्या मोसमातली या दोन टीमची एकमेकांविरुद्धची शेवटची साखळी मॅच, म्हणजे संधी साधलीच म्हणायची.

आता सांगा, इतके महिने डूख धरून बॉल अंगावर टाकणं हे अलिखित नियमात बसतं का? मुद्दाम मारला हे अंपायर कशावरून ठरवतात? बुलपेनमधले (मैदानाच्या कडेला थांबलेले राखीव) पिचरही मारामारीत एवढ्या लांबून धावत येतात, न आल्यास टीममध्ये बोलणी बसतात का? ओडोरला ८ मॅचची बंदी, अपिलात ७ झाली. बौतिस्तालाही १ मिळाली, ती कशाबद्दल? मार खाल्ल्याबद्दल?