‘माल्दिनाता’ला मराठीत काय म्हणावं?

इटालियन फुटबॉलपटू चेझारे माल्दिनी यांच्याविषयी वाचताना ‘माल्दिनाते’ हा शब्द भेटला. अर्थ दिलाय ‘माल्दिनीच्या चुका’. मिलानचा कर्णधार राहिलेला बचावपटू, आणि चुका त्याच्या नावावर? नेमकी छटा काय आहे? मराठीत जवळचं काही?

—

एकवचन माल्दिनाता. इटालियनमध्ये ‘आता’ प्रत्यय लावून अमक्यालाच शोभेल अशी करणी सांगतात. बांबिनो म्हणजे पोर, बांबिनाता म्हणजे पोरकटपणा. पाल्याच्चो म्हणजे विदूषक, पाल्याच्चाता म्हणजे त्याचे चाळे. आपण तुघलकावरून ‘तुघलकी’ केलं, त्यातलाच प्रकार.

पण ही साधी चूक नव्हे. त्या काळचा बचावपटू पायाशी चेंडू आला की लांब भिरकावून मोकळा व्हायचा. माल्दिनी आपल्याच गोलसमोर समोरच्याला हुलकावणी देणार, मान वर करून पास शोधणार. बहुतेकदा जमायचं. एखाद्या वेळी चेंडू निसटला की झाली माल्दिनाता! १९५४ ते १९६६ या काळात मिलानबरोबर चार लीग विजेतेपदं मिळवणारे हेच गृहस्थ. १९६३ साली वेम्बलीवर बेनफिकाला २-१ हरवून युरोपियन कप उचलला तोही यांनीच. इटलीतल्या क्लबला तो पहिल्यांदाच मिळत होता.

—

मग ‘हाराकिरी’ म्हणा की. फलंदाजांनी विकेट फेकल्या की आपले पेपर तेच छापतात.

—

नाही पटत. हाराकिरी कोणीही करतो, अकरावा फलंदाजसुद्धा. माल्दिनाता करायला आधी पायात कला हवी. ‘गाफीलपणा’ही नको, गाफील माणसाचं लक्षच नसतं.

मी ‘फाजीलपणा’ सुचवेन. फाजील मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ गुणी, विद्वान असा आहे आणि उरलेला, जादा असाही. मराठीनं फक्त जादा उचललं: फाजील लाड, फाजील आत्मविश्वास. माल्दिनींना दोन्ही अर्थ चपखल बसतात.

—

जाता जाता: प्रशिक्षक झाल्यावर आरोप बरोब्बर उलटा झाला. इटलीच्या २१ वर्षांखालील संघाला त्यांनी १९९२, १९९४ आणि १९९६ अशी सलग तीन युरोपियन विजेतेपदं मिळवून दिली. पण १९९८च्या विश्वचषकात मुख्य संघ फारच हात राखून खेळतो म्हणून ओरड झाली. फ्रान्सशी ०-० आणि पेनल्टींवर घरी. कर्णधार होता त्यांचाच मुलगा पाओलो. अशा बचावात्मक खेळाला लावतात तो शब्द ‘कातेनाच्चो’, शब्दशः दाराचा अडसर. त्याला प्रतिशब्द शोधायची गरजच नाही.

—

‘फाजीलपणा’ घेतो. आणि मूळ शब्द वापरायचा झाला तर अनेकवचन?

—

‘शाळा’सारखं चालवा: एक माल्दिनाता, दोन माल्दिनाता. ‘माल्डिनी’ मात्र लिहू नका. तो ड इंग्रजीतून आलाय, इटालियन द आपल्यासारखाच दंत्य आहे.