एक्स्पोर्टचे जुने कागद कधी फाडायचे? (अमेरिका, छोटा धंदा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत आमचा दोघांचा छोटा धंदा आहे. वापरलेली इलेक्ट्रॉनिक तपासणीची यंत्रं (ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर) विकत घेतो, तपासून, कॅलिब्रेट करून परदेशी पाठवतो. यंत्रं मिस्टर बघतात, कागद मी. महिनाअखेरीस गोडाऊन बदलतोय आणि २०१७ पासूनच्या अकरा पेट्या समोर आहेत. नव्या जागेत त्या मावणार नाहीत. मिस्टर म्हणतात, पाच वर्षं झालेलं सगळं श्रेडरमध्ये घाल. माझा हात धजत नाही.

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या ईएआर नियमांचा (निर्यातीचे नियम) भाग ७६२ मी दोनदा वाचला. कागद ठेवायची मुदत पाच वर्षांचीच आहे, पण ती मोजायची कुठून? माल निघाल्याची तारीख, तो पुढे तिसऱ्या देशात गेल्याचं आपल्याला माहीत असेल तर त्याची तारीख, किंवा व्यवहार संपल्याची तारीख, यातली जी सगळ्यात शेवटची, तिथून. घोडं इथेच अडलंय. २०१९ मध्ये दुबईच्या गिऱ्हाइकाला एक ऑसिलोस्कोप पाठवला होता. २०२३ मध्ये दुरुस्तीबद्दल विचारताना त्याने मेलमध्ये सहज लिहिलं की यंत्र आता नैरोबीच्या शाखेत आहे. मग ही फाइल जुनी धरायची की नाही?

दुसरं, स्कॅन करून मूळ कागद टाकले तर चालतं का? आणि अर्ध्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर ठरतात, त्यांचं काय करायचं? एकही कागद चुकीचा जायला नको, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, मी एका कंपनीत एक्स्पोर्ट कम्प्लायन्स (निर्यातीचे नियम पाळले जातात ना, ते) बघतो. नैरोबीची फाइल अजिबात फाडू नका. यंत्र तिकडे नेमकं कधी गेलं ते गिऱ्हाइकाकडून लेखी मागवा आणि त्या तारखेपासून पाच वर्षं धरा.

स्कॅन चालतं, पण त्याच नियमांतल्या कलम ७६२.५ च्या अटी पाळून. कागदाच्या दोन्ही बाजू घ्यायच्या, अक्षर स्वच्छ वाचता आलं पाहिजे, हवं तेव्हा प्रिंट निघाली पाहिजे, नंतर कुणाला गुपचूप बदल करता येता कामा नये. कुणी, कधी, कुठे, कोणत्या मशीनवर स्कॅन केलं त्याची नोंदवहीही लागते. बहुतेक जण इथेच चुकतात.

व्हॉट्सॲप हाही पत्रव्यवहारच. चॅट एक्स्पोर्ट करून त्या त्या शिपमेंटच्या फोल्डरमध्ये टाका. फोन बदलला की चॅट गेले, असं होऊ देऊ नका.

जागा करायचीच असेल तर ७६२.३ मधली यादी बघा. वॉरंटी सर्टिफिकेट, पॅकिंग मटेरियलचं सर्टिफिकेट असे बरेच कागद ठेवायची सक्ती त्यात नाही. मात्र खात्याने एखादा कागद मागितला असेल, तर पाच वर्षं उलटली तरी त्यांच्या लेखी परवानगीशिवाय तो नष्ट करता येत नाही.

प्रतिसाद २

निर्बंधांचे नियम विसरू नका. ओफॅकने (देश, व्यक्ती यांच्यावरचे आर्थिक निर्बंध बघणारं अमेरिकी सरकारचं कार्यालय) १२ मार्च २०२५ पासून कागद ठेवायची मुदत पाचाची दहा वर्षं केली आहे. त्यांच्या नियमांत येणारा व्यवहार असेल तर तो कागद वेगळ्या पेटीत ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दुबईला मेल केला, मिस्टरांनाही वाचून दाखवलं, श्रेडर बंद आहे. आता एकच अडचण उरली. काही शिपमेंटची एईएस नोंद (सरकारकडे निर्यातीची ऑनलाइन नोंद) फॉरवर्डरने, म्हणजे माल पाठवणाऱ्या एजंटने, परस्पर केली, माझ्याकडे फक्त त्या नोंदीचा आयटीएन नंबर आहे. त्याने काय भरलं त्याची प्रत कशी मागायची? कुणी मागितली आहे का?